रोजची दहा मिनिटं: मुलांसोबत घरात बायबल वाचायची सवय कशी लावावी

मुलांसोबत रोज बायबल वाचायचं ठरवलेल्या पुष्कळ घरांची गाडी एकाच ठिकाणी अडते. १ जानेवारीला मोठ्या उत्साहानं उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडला जातो. सृष्टी, नोहा, अब्राहाम, योसेफ, मोशे, तांबडा समुद्र, इथपर्यंत मुलं कान टवकारून ऐकतात. मग निर्गमच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात. फळ्या किती, कड्या किती, पडदा किती हात लांब. त्यामागे यज्ञांच्या आणि नियमांच्या तपशिलांचं लेवीय उभंच असतं. मुलं जांभया देतात, आईबाबा डोळे वटारतात, आणि फेब्रुवारी सरायच्या आत बायबल पुन्हा कपाटात जातं.

यात दोष मुलांचा नाही आणि लेवीयाचाही नाही. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. वर्षात ते संपवायचे तर दिवसाला तीनहून जास्त अध्याय पडतात. एवढ्यात मोठ्यांचीच दमछाक होते, सहा वर्षांच्या पोराची काय कथा! मुलांसोबतच्या वाचनाचा आवाका वेगळाच हवा: दहा-पंधरा वचनं, एक प्रसंग, फार तर दहा मिनिटं. वर्षात सगळं बायबल संपवायचा नेम तुम्हाला करायचा असेल तर तो तुमच्या एकांतातल्या वाचनात जरूर करा. मुलांना त्यात ओढू नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. घरातलं वाचन बंद पडतं ते बहुधा मुलांच्या कंटाळ्यानं नव्हे, मोठ्यांच्या भाषणानं. पाच मिनिटं वाचन आणि वीस मिनिटं उपदेश असा हिशेब झाला की मुलं पुस्तक दिसताच पळ काढतात. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये साक्षात पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पुढं तो जिवंत झाला हे खरं, पण आपण पौल नाही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

वेळ घड्याळाला नव्हे, रोजच्या कामाला बांधा

‘रोज रात्री साडेआठला’ असं ठरवलं की साडेआठ वाजता कुणीतरी फोनवर असतं, कुणाचा गृहपाठ उरलेला असतो. त्यापेक्षा जे काम रोज न चुकता होतंच, त्याच्या शेपटाला वाचन जोडा. जेवण झाल्यावर पानं उचलायच्या आधी. दात घासून अंथरुणात शिरल्यावर. शाळेची तयारी झाल्यावर, बूट घालायच्या आधी. जेवायला उशीर झाला तर वाचनालाही उशीर होतो, पण ते बुडत नाही.

माझं झुकतं माप जेवणानंतरच्या वेळेला आहे. सगळे एका जागी असतात, पोट भरलेलं असतं आणि अजून कुणी पेंगत नसतं. झोपायच्या वेळी वाचलं तर लहानग्यांना गोडी लागते, पण मोठ्या मुलांचं आणि त्यांचं निजायचं वेळापत्रक जुळत नाही. सकाळची वेळ शांत असेल असं वाटतं. शाळेत जाणारी मुलं घरात असतील तर ती क्वचितच तशी असते.

अनुवाद या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात देवाच्या गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलं आहे, तिथं कुठला ठरावीक तास दिलेला नाही. घरी बसलेले असता, वाटेनं चालत असता, निजताना, उठताना, असा तो सगळा दिवस आहे. तेव्हा बसची वाट बघताना कालची गोष्ट पुन्हा निघाली तर तेही वाचनच धरा.

पुस्तक हाताशी ठेवा

जे समोर दिसतं तेच वाचलं जातं. बायबल जेवणाच्या टेबलाजवळ किंवा उशाशी, मुलांचा हात पोचेल अशा जागी ठेवा. पानं चुरगळतील, कोपरे दुमडतील, एखाद्या पानावर पेन्सिलीनं मासा काढलेला सापडेल. चालायचंच.

मुलांसोबत छापील पुस्तक बरं. मोबाइलवर वाचायला लागलं की मध्येच एखादा मेसेज टपकतो, आणि बाबा शास्त्र वाचताहेत की दुसरंच काही, हे मुलाला समोरून कळत नाही. प्रवासात किंवा ऐकण्यासाठी अ‍ॅप चांगलं.

भाषांतर निवडताना एक सोपी कसोटी लावा. घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मार्कचा एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला द्या. तो दर ओळीला अडखळत असेल तर सोप्या मराठीतली आवृत्ती आणा. मंडळीत वाचली जाणारी भारदस्त भाषा पाठांतरासाठी ठेवता येईल, तिला एक वेगळी लय असते. पाचच्या आतल्या मुलांना चित्रांचं गोष्टीरूप बायबल चालेल, पण त्याच वेळी मोठं बायबलही उघडून शेजारी ठेवा. ही गोष्ट या पुस्तकातून आली, हे त्यांना डोळ्यांनी दिसू द्या.

सुरुवात मार्कपासून

मुलांसाठी पहिलं पुस्तक म्हणून मी मार्ककृत शुभवर्तमान सुचवतो. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, फक्त १६ अध्यायांचं. त्यात वंशावळ नाही, लांब प्रवचनं मोजकी, आणि प्रसंग एकामागून एक धावत येतात. एका अध्यायाचे दोन-तीन तुकडे केले की दीड-दोन महिन्यांत पुस्तक संपतं. एक अख्खं पुस्तक आपण संपवलं, हा आनंद मुलांना मिळायलाच हवा.

पहिला आठवडा असा लावता येईल:

- सोमवार: मार्क १:१-१३ (योहान, बाप्तिस्मा, अरण्य)
- मंगळवार: १:१४-२० (जाळी टाकून निघालेले कोळी)
- बुधवार: १:२१-३४ (सभास्थान, मग शिमोनाच्या सासूचा ताप)
- गुरुवार: १:३५-४५ (पहाटेची प्रार्थना आणि कुष्ठरोगी)
- शुक्रवार: २:१-१२ (छप्पर उघडून खाली सोडलेला माणूस)
- शनिवार: २:१३-१७ (लेवीच्या घरचं जेवण)

रविवारी नवं काही नको. उपासनेत जे वाचलं गेलं त्यातलं काय लक्षात राहिलं, एवढंच जेवताना विचारा. कॅथलिक घरांत दिवसाचं शुभवर्तमान आयतं ठरलेलं असतं. मिस्सेच्या रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे. त्यातलं फक्त शुभवर्तमान घेतलं तरी मुलांना पुरतं, आणि रविवारी चर्चमध्ये तेच कानावर पडलं की ती एकमेकांना कोपरानं ढोसतात.

कुठं थांबायचं हे अध्यायाच्या आकड्यावरून ठरवू नका. अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकातली, आणि नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे क्रमांक १५५१ सालच्या एका छापील ग्रीक आवृत्तीतून आले. मजकूर सापडावा म्हणून केलेली ती सोय आहे. उत्पत्तीतली सृष्टीची गोष्ट पहिल्या अध्यायाबरोबर संपत नाही, सातवा दिवस दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनापर्यंत येतो. प्रसंग संपला की थांबा. नाहीतर मुद्दाम उत्कंठेच्या टोकावर थांबा. मार्क ५ मध्ये याईराची मुलगी मरायला टेकलेली असते, येशू तिच्याकडे निघतो आणि वाटेत रक्तस्रावानं आजारी असलेली स्त्री त्याला थांबवते. ३४व्या वचनाशी पुस्तक मिटा. ‘आणि ती मुलगी?’ असं कुणी विचारलंच तर म्हणा, उद्या. दुसऱ्या दिवशी बायबल घेऊन मुलंच तुमच्या मागं येतील. ती मुलगी १२ वर्षांची आहे, आणि ती उठल्यावर येशू तिला काहीतरी खायला द्यायला सांगतो, हा तपशील मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

दहा मिनिटं कशी घालवायची

आधी कालची गोष्ट एका मुलानं दोन-चार वाक्यांत सांगायची. चुकली तरी दुसऱ्या मुलानं सुधारायची, तुम्ही नाही. मग एका ओळीची प्रार्थना, ‘प्रभू, आम्हाला ऐकायला मदत कर’ एवढी पुरे. मग वाचन, सावकाश आणि आवाजात चढउतार ठेवून. वाचता येणाऱ्या मुलांना पाळी द्या. एकजण निवेदन वाचेल, एकजण येशूचं बोलणं, एकजण शिष्यांचं. वाचून झाल्यावर क्षणभर गप्प राहा. या गप्प राहण्याची मोठ्यांनाच धास्ती वाटते आणि ते लगेच तात्पर्य सांगायला धावतात. तो मोह आवरा, बहुतेक वेळा मूल त्या शांततेतच बोलतं.

मार्क ४:३५-४१ घ्या. संध्याकाळ झाली आहे, मचवा समुद्राच्या पलीकडं निघाला आहे, वादळ उठतं, लाटा आत येऊन मचवा भरू लागतो. येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला आहे. ही उशी फक्त मार्कनं टिपली आहे, मत्तय आणि लूक तिच्याबद्दल काही बोलत नाहीत. मुलांना ती नेमकी दिसते. ‘एवढ्या आवाजात त्याला झोप कशी लागली?’ ‘तो भिजला नाही का?’ याला विषयांतर समजू नका. मूल मचव्यात जाऊन बसलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग विचारा, ‘तू मचव्यात असतास तर काय केलं असतंस?’ शिष्यांनी त्याला उठवून जवळजवळ तक्रारच केली, आपण बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? असं देवाला विचारलं तर चालतं का, हे एखादं दहा वर्षांचं मूल विचारेल. त्या दिवशीचा सगळा वेळ त्या एका प्रश्नावर गेला तरी बिघडत नाही. स्तोत्रसंहितेत अशा तक्रारी पानोपानी आहेत. १३वं स्तोत्र ‘किती काळ’ या प्रश्नानंच सुरू होतं. तेवढं काढून दाखवा.

त्याच उताऱ्याच्या ३६व्या वचनात ‘दुसरेही मचवे बरोबर होते’ असं आहे. त्यांचं पुढं काय झालं? मार्क सांगत नाही. ‘इथं लिहिलेलं नाही, मलाही ठाऊक नाही’ असं म्हणून सोडून द्या. शास्त्रात जे नाही ते आपण रचून सांगत नाही, ही शिकवण त्यातून आपोआप मिळते.

प्रश्न कसा विचारावा याचं एक साधं गणित आहे. उत्तर एका शब्दात संपत असेल तर तो परीक्षेचा प्रश्न. ‘मचव्यात कोण झोपलं होतं?’ हा तसला. त्याऐवजी हे तीन आलटून पालटून पुरतात: तुला कशाचं नवल वाटलं? काय आवडलं नाही? यात देव कसा दिसतो? तिन्ही एका दिवशी नकोत, एकच. शेवटी ज्याला वाटेल त्यानं एका वाक्याची प्रार्थना करायची. कुणालाच नाही वाटलं तर तुम्ही करा आणि उठा. दहा मिनिटांच्या वर जाऊ नका, मुलं आणखी मागत असली तरी. उरलेली भूक उद्याच्या कामी येते.

लहान-मोठी भावंडं एकत्र असतील तर

तीन वर्षांचं पोर मांडीवर असेल तर त्याच्याकडून शांत बसण्याची अपेक्षा ठेवू नका. त्याच्या हातात कागद-खडू द्या. ते चित्र काढत असतं, पण ऐकतही असतं. सहा-सात वर्षांच्यांना नाटक करायला आवडतं. जक्कय झाडावर चढला म्हणजे खुर्चीवर चढायचं. आठ ते अकराच्या मुलांना नकाशा आवडतो: बायबलाच्या मागच्या पानांत असतो, त्यात गालील समुद्र, कफर्णहूम, यरुशलेम शोधायला लावा.

मुलांच्या वयाची माणसं शास्त्रात जिथं जिथं भेटतात, ती ठिकाणं माहीत असलेली बरी. रात्री हाक ऐकून तीनदा एलीकडं धावणारा बालशमुवेल (१ शमुवेल ३). टोपलीतल्या तान्ह्या मोशेवर दुरून नजर ठेवणारी त्याची बहीण (निर्गम २). नामान सेनापतीच्या घरातली बंदी करून आणलेली लहान मुलगी, जिच्या एका वाक्यामुळं तो बरा झाला (२ राजे ५). जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या जवळ असलेला मुलगा, जो फक्त योहानाच्या शुभवर्तमानात येतो (योहान ६). आणि संडेस्कूलमध्येही फारसा न निघणारा पौलाचा भाचा, ज्यानं मामाच्या खुनाचा कट ऐकला आणि धावत जाऊन कळवला (प्रेषितांची कृत्ये २३). एखादा आठवडा कंटाळवाणा वाटू लागला तर मध्येच यातली एक गोष्ट घ्या.

किशोरवयीन मुलांचं निराळं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला धाकट्यांच्या नाटकात ओढलं तर तो अंग चोरून घेतो. त्याला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सोपवून द्या: उतारा तोच निवडेल, वाचेल, प्रश्नही तोच विचारेल. त्यानं उपदेशक हे पुस्तक काढलं आणि ‘सर्व व्यर्थ’ म्हणून दाखवलं तर दचकू नका. तेही शास्त्रातच आहे.

अवघड प्रश्न येणारच

नोहाची गोष्ट चित्रात गोड दिसते: जिराफ, हत्ती, इंद्रधनुष्य. मग एखाद्या दिवशी पाच वर्षांची मुलगी विचारते, ‘तारवाबाहेरच्या बाळांचं काय झालं?’ अशा वेळी ‘असं विचारू नये’ म्हणालात की ती पुन्हा विचारणार नाही, तुम्हाला तरी नाहीच. खरं ते सांगा: ती वाचली नाहीत, आणि ही दुःखाची गोष्ट आहे. उत्पत्ती ६:६ मध्ये देवाच्या मनाला खेद झाला असं लिहिलं आहे, ते वाचून दाखवा. सगळं समजावून सांगता आलं पाहिजे असं नाही.

अब्राहाम आणि इसहाकाच्या गोष्टीत (उत्पत्ती २२) लहान मुलाचा प्रश्न बहुधा ईश्वरविद्येचा नसतो. ‘बाबा, तुम्ही माझ्याशी असं कराल?’ हा असतो. आधी त्याला जवळ घ्या आणि ‘नाही, कधीच नाही’ एवढं सांगा. देवानं तो हात थांबवला, हे त्यानंतर. त्यामागचा गहन अर्थ ते बारा-तेरा वर्षांचं झाल्यावर बोलता येईल.

काही भाग लहानांसमोर मोठ्यानं वाचू नयेत. शास्तेचा १९वा अध्याय त्यातला एक. योसेफाची गोष्ट उत्पत्ती ३७ ते ५० अशी सलग वाचताना ३८वा अध्याय ओलांडून पुढं जा. वयानुसार वाढून देणं म्हणजे लपवणं नव्हे. मोठ्या मुलानं स्वतः वाचून विचारलं तर टाळाटाळ न करता त्याच्याशी वेगळं बसून बोला. उत्तर येत नसेल तर प्रश्न एका वहीत लिहून ठेवा आणि पाळकांना किंवा फादरना विचारून चार दिवसांत उत्तर आणा. चार दिवसांनी तुम्ही खरंच उत्तर घेऊन आलात, याची मुलं पक्की नोंद ठेवतात.

पाठांतर, पण हलक्या हातानं

आठवड्याला एक वचन हा वेग पुष्कळ घरांना झेपत नाही. पंधरवड्याला एक धरा. स्तोत्र २३ सहा वचनांचं आहे, म्हणजे तीन महिन्यांत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’पासून शेवटपर्यंत अख्खं तोंडी येतं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आरशाजवळ चिकटवा आणि दोन-तीन दिवसांनी एकेक शब्द खोडत जा. मत्तय ६:९-१३ मधली प्रभूची प्रार्थना तर लहान मुलं नुसती ऐकूनच शिकतात.

पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव बरं’ करू नका. वचन पाठ झालं की चॉकलेट, हेही नको. बक्षीस थांबलं की पाठांतरही थांबतं. आणि सर्वांत मोठी खबरदारी म्हणजे शास्त्राची छडी करू नका. भावंडं भांडली म्हणून त्यांना नीतिसूत्रांचा अध्याय लिहायला लावणं, खोटं बोलल्यावर त्या रात्री मुद्दाम हनन्या आणि सप्पीरा (खोटं बोलून जागीच मेलेलं जोडपं, प्रेषितांची कृत्ये ५) काढणं, असल्या प्रकारांनी मुलाच्या मनात देव म्हणजे आईबाबांचा हस्तक होऊन बसतो. जो उतारा ठरलेला आहे तोच वाचा. त्यानं मुलाला टोचायचं असेल तर तो तुमच्या मदतीशिवाय टोचेल.

खंड पडला, जोडीदार बसत नाही, घरी पाहुणे आले

आजारपण, परीक्षा, प्रवास, लग्नकार्य, वाचन बुडणारच. बुडालेले दिवस भरून काढू नका. चार दिवसांचे चार उतारे एका रात्री वाचणं म्हणजे शिक्षा. जिथं खूण आहे तिथून पुढं चला, कुणालाही बोल न लावता. फारच दमलेला दिवस असेल तर स्तोत्र ११७ वाचा. ते दोनच वचनांचं आहे आणि बायबलातला सर्वांत लहान अध्याय आहे. असा दिवस मुलांना फार आवडतो.

नवरा किंवा बायको बसायला तयार नसेल तर एकट्यानं चालू ठेवा. त्यावरून मुलांसमोर वाद घालू नका, टोमणेही नकोत. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो (२ तीमथ्य १:५). वडील ग्रीक होते एवढंच प्रेषितांची कृत्ये १६ मधून कळतं. आजीआजोबा घरात असतील तर त्यांना वाचायला बसवा, चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली तरी. पाहुणे आले तर त्यांनाही बोलवा. त्यांना अवघड वाटत असेल तर मुलांच्या खोलीत पाच मिनिटांत उरका.

मार्क संपल्यावर

शेवटच्या अध्यायात १६:९-२० ही १२ वचनं काही आवृत्त्यांत कंसात किंवा टीपेसह छापलेली असतात, आणि चौकस मूल ती खूण बरोबर हेरतं. सर्वांत जुन्या दोन प्रमुख हस्तलिखितांत मार्क आठव्या वचनाशीच थांबतो, म्हणून ती खूण असते, एवढं सांगितलं तरी त्याचं समाधान होतं.

पुढचं पुस्तक मुलांना निवडू द्या, पण तुम्ही तीन-चारच नावं समोर ठेवा. योना आणि रूथ प्रत्येकी चार अध्यायांची, आठवडा-दीड आठवड्यात होतात. योनाचं पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं: निनवेतल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि पुष्कळ गुराढोरांची मी कीव करू नये काय? योना काय उत्तर देतो ते लिहिलेलंच नाही, तेव्हा मुलांना ते देऊ द्या. दानीएलाचे पहिले सहा अध्याय गोष्टींचे आहेत, सातव्यापासून दृष्टान्त सुरू होतात, तिथं थांबा. लूकचे २४ अध्याय आहेत. ते १ डिसेंबरला सुरू करून रोज एक वाचले तर नाताळच्या आदल्या दिवशी संपतात. पण अध्याय मोठे आहेत, त्यामुळं घरातलं सर्वांत धाकटं मूल दहाच्या आत असेल तर लूकचे पहिले दोनच अध्याय घ्या आणि ते महिनाभर पुरवा.